मुलींच्या कॉलेजात राज्यशास्त्र: वर्गात विरोधी पक्ष कोण होतं?

खडू

प्रवेशाचे दिवस आले की पालक दोनच गोष्टी विचारतात. मुलींचं कॉलेज आहे ना, मग काळजी नको, हो ना? आणि राज्यशास्त्र घेतलं तर स्पर्धा परीक्षेला उपयोग होतो ना? मी दोन्हींना होकार देते. खोटं काहीच नाही त्यात. पण मुलगी तीन वर्षं त्या वर्गात बसून नेमकं काय करणार, हे कुणी विचारत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

मी मुलींच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. त्याआधी मुलंमुली एकत्र असलेल्या कॉलेजात शिकवायचे. तिथे स्त्रियांच्या राजकीय आरक्षणावर चर्चा लावली की वर्ग मधोमध फाटायचा. मुलगे एका अंगाला, मुली दुसऱ्या. ज्या मुलींना आरक्षण मनातून पटत नसे, त्या गप्प राहत. आपल्याच बाजूला भगदाड कशाला पाडा? आणि ज्या बोलत, त्या स्वतःचं मत मांडायच्याऐवजी समस्त स्त्रीजातीची वकिली करत. मलाही नकळत तीच सवय लागली होती, 'आता मुलींची बाजू ऐकू' असं म्हणायची.

मुलींच्या वर्गात 'मुलींची बाजू' हा प्रकारच उरत नाही. विरोधी पक्ष आतूनच उभा करावा लागतो, आणि तो होतोही. आमचा एक ठरलेला उपक्रम आहे. घटना समितीत १५ स्त्रिया होत्या. डिसेंबर १९४६ मध्ये हंसा मेहता यांनी तिथे स्पष्ट सांगितलं की स्त्रियांच्या चळवळीने राखीव जागा कधी मागितल्या नाहीत, आम्हाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे. रेणुका राय यांनीही १९४७ मध्ये राखीव जागांना विरोध केला. पुढे १९९६ मध्ये लोकसभा-विधानसभांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखायचं, ८१ व्या घटनादुरुस्तीचं विधेयक आलं आणि रखडलं, २०१० मध्ये राज्यसभेने नवं विधेयक मंजूर केलं तेही लोकसभेत अडकलं, आणि २०२३ मध्ये १०६ वी दुरुस्ती झाली, जिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधलेली आहे. मी चिठ्ठ्या टाकते. अर्ध्या मुली १९४६ च्या बाजूने बोलतात, अर्ध्या १९९६ च्या. मग बाजू अदलाबदल.

हंसाबाईंची बाजू घेणाऱ्या मुली आधी कुरकुरतात आणि अर्ध्या तासाने त्यांना त्या भूमिकेतली ताकद कळते. नुकतंच स्वातंत्र्य मिळणार, प्रौढ मताधिकार सगळ्यांना एकदम मिळणार, अशा वेळी सवलत नको असं म्हणण्यात एक आत्मविश्वास होता. तो आत्मविश्वास पुढच्या आकड्यांनी खरा ठरवला का, हा वेगळा प्रश्न, आणि तो १९९६ वाल्या मुली बरोबर विचारतात.

असं शिकलेल्या कुणी इथे असाल तर लिहा. काय मिळालं, आणि काय राहून गेलं तेही.

मधली सुट्टी

खडूताई, मी शिकलेय असंच. मला आठवतो तो अठराव्या शतकातल्या रूसो या विचारवंतावरचा तास.

'सोशल काँट्रॅक्ट' आणि 'एमिल' दोन्ही १७६२ ची पुस्तकं. पहिल्यात नागरिक, सामूहिक इच्छा (सगळ्या नागरिकांची मिळून, सगळ्यांच्या हिताची इच्छा), स्वातंत्र्य. दुसऱ्यात आदर्श मुलगा एमिल आणि त्याच्यासाठी घडवलेली सोफी, जिचं शिक्षण कशासाठी, तर एमिलला आवडावी म्हणून. बहुतेक गाइडांमध्ये पहिलं पुस्तक असतं आणि दुसरं एका ओळीत उरकतात. आमच्या बाईंनी दोन्हींतले उतारे एकामागून एक वाचले. वर्गात कुणी कुणाकडे तिरकं पाहिलं नाही, कुणी फिदीफिदी हसलं नाही. मिश्र वर्गात अशा उताऱ्याला जे एक अवघडलेपण येतं, ज्यात मुली खाली बघतात आणि एखादा मुलगा विनोद करतो, ते नव्हतंच. त्यामुळे आम्ही लगेच कामाच्या प्रश्नावर आलो: सोफीला वगळून सामूहिक इच्छा तयार होते का? की सोफी घर सांभाळते म्हणूनच एमिलला सभेला जायला वेळ मिळतो?

एक मुलगी म्हणाली, मग हा माणूस अभ्यासक्रमातून काढूनच टाका. दुसरी म्हणाली, काढायचा कशाला, मेरी वोलस्टोनक्राफ्ट या इंग्रज लेखिकेने १७९२ मध्ये त्याला उत्तर दिलं ते त्याचीच हत्यारं वापरून. विवेक सगळ्या माणसांना असतो म्हणता ना, मग स्त्रीला का नाही? तो वाद तास संपल्यावरही जिन्यात चालू होता. दोघींनी एकमेकींशी दोन दिवस अबोला धरला होता, ते वेगळं.

वाटसरू

विषय चांगला आहे, पण थोडं थंड पाणी ओततो. राग मानू नका.

संसद मुलींची नाही, पक्ष मुलींचे नाहीत, न्यायालयं, वृत्तपत्रांची कार्यालयं, मंत्रालयं मुलींची नाहीत. तीन वर्षं ज्या वर्गात कुणी मध्येच तोडत नाही तिथे बोलायची सवय झाली, आणि मग पहिल्याच बैठकीत सात पुरुष एकाच वेळी बोलायला लागले, तर? बाकी विषयांचं मी समजू शकतो. रसायनशास्त्राला फरक पडत नाही. पण राज्यशास्त्र हा सत्तेचा अभ्यास आहे आणि सत्ता आजही बहुतांशी ज्यांच्या हातात आहे त्यांनाच वर्गाबाहेर ठेवून तो करायचा, हे मला अजब वाटतं.

दुसरं, अशा कॉलेजांच्या बाजूने कायम यशस्वी बायकांची नावं सांगितली जातात. नावांपलीकडे पुरावा आहे का?

तळटीप

वाटसरू, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. पहिल्याला खडू आहेत.

नावं भरपूर आहेत आणि विशेष म्हणजे आपल्याच विषयातली. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री झालेल्या मॅडलिन ऑलब्राइट यांनी तिथल्या मुलींच्या वेलस्ली कॉलेजातून १९५९ मध्ये राज्यशास्त्राची पदवी घेतली, हिलरी क्लिंटन यांनी तिथूनच १९६९ मध्ये, त्याच विषयात. म्यानमारच्या नेत्या आँग सान सू ची १९६४ मध्ये दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजातून राज्यशास्त्र शिकून बाहेर पडल्या (त्यांचं पुढचं राजकारण हा एक अख्खा पेपर होईल). बेनझीर भुट्टो रॅडक्लिफच्या, १९७३, तौलनिक शासन. पण इथेच सावध व्हायला हवं: रॅडक्लिफ नावापुरतं मुलींचं कॉलेज होतं, वर्ग तोवर हार्वर्डच्या मुलांबरोबरच भरत.

पुराव्याचं म्हणाल तर १९७३ मध्ये एलिझाबेथ टिडबॉल या संशोधिकेने अमेरिकेतल्या कर्तबगार स्त्रियांच्या चरित्रकोशातल्या नोंदी तपासल्या. मुलींच्या कॉलेजांतून शिकलेल्यांचं प्रमाण मिश्र कॉलेजांतून शिकलेल्यांच्या सुमारे दुप्पट निघालं. खूप गाजलं ते. १९७८ मध्ये ओट्स आणि विल्यमसन यांनी तेच पुन्हा तपासलं आणि दाखवलं की हा फरक मुख्यतः 'सेव्हन सिस्टर्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सात नामांकित कॉलेजांमुळे आहे. तिथे मुळात सधन घरांतल्या, निवडक मुली यायच्या. म्हणजे कॉलेजाने मुली घडवल्या की घडलेल्याच मुली कॉलेजात आल्या, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. लोकांनीही पायांनी मत दिलंय: १९६० च्या सुमारास अमेरिकेत मुलींची दोनशेहून जास्त कॉलेजं होती, आज चाळीसही नाहीत.

माझं मत विचाराल तर या कॉलेजांचं समर्थन कर्तबगारांच्या यादीवर करूच नये. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला यादीपेक्षा अशा कॉलेजांचा इतिहास जास्त उपयोगी आहे. इंग्लंडमधलं मुलींचं गर्टन कॉलेज १८६९ चं. केंब्रिजमध्ये मुली तिथपासून शिकत होत्या, परीक्षाही देऊ लागल्या, पण विद्यापीठाची पदवी? त्यासाठी मतदान व्हायचं, आणि मत कुणाला, तर आधीच पदवी असलेल्या पुरुषांना. १८९७ मध्ये प्रस्ताव फेटाळला गेला, तेव्हा सायकलवर बसवलेला बाईचा पुतळा भर रस्त्यावर टांगला होता. १९२१ मध्ये पुन्हा नकार, नुसती नामधारी पदवी. पूर्ण हक्काची पदवी १९४८ मध्ये. आत असलेल्यांनी बाहेरच्यांना आत घ्यायचं की नाही हे आतल्यांनीच ठरवायचं, हा मताधिकाराचा सगळा पेच या एका उदाहरणात शिकवता येतो.

खडू

तळटीप, गर्टनचं उदाहरण पुढच्या वर्षी वापरणार.

वाटसरू, राग कसला, प्रश्न खरा आहे. पण 'कुणी मध्येच तोडत नाही' हे तुम्ही कुठून आणलंत? या एकदा वर्गात. मुली एकमेकींना व्यवस्थित तोडतात. फरक एवढाच की जिला तोडलं ती 'मी मुलगी म्हणून तोडलं' असं समजून गप्प बसत नाही, तिला कळतं की आपला मुद्दा कच्चा होता. मुद्द्याचं अपयश आणि बाईपणाचं अपयश हे दोन वेगळे करता येणं, हीच मला या वर्गाची कमाई वाटते.

आणि पदं. अभिरूप संसद असते तेव्हा पंतप्रधान मुलगी, सभापती मुलगी, सभात्याग करणारीही मुलगी, आणि मागच्या बाकावर झोपणारीही. जमाखर्च लिहिणारी, माइक बंद पडला की वायर हलवणारी, फलक रंगवणारी, सगळ्या त्याच. कामं वाटताना 'हे त्यांचं, हे आपलं' होत नाही.

तरी तुमचा मुद्दा अर्धा मान्य. आमच्या मुली इतर कॉलेजांबरोबरच्या मिश्र स्पर्धेत पहिल्यांदा गेल्या की काहींचा आवाज बसतो. वर्गात सरकार पाडणारी मुलगी तिथे टिपणं काढत बसते. म्हणून मी त्यांना पहिल्या वर्षापासूनच बाहेर पाठवते, हरायला. जे कॉलेज भिंतीच्या आतच गौरव करून घेतं, ते मुलींचं नुकसान करतं, याबद्दल मला शंका नाही.

रानजाई

इतका वेळ वाचत होते. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

'मुलींच्या वर्गात मुलींची बाजू नसते' हे छान वाक्य आहे. पण वर्गात बाकीच्या बाजू असतातच की. माझ्या वर्गात बोलायच्या त्या चार-पाच जणीच. शहरातल्या, इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या, घरी पेपर आणि पुस्तकं असलेल्या. मी वसतिगृहातली. मला बोलू दिलं नाही असं कुणी केलं नाही, पण मी बोलत नव्हते. मुलगे नव्हते म्हणून मला कंठ फुटला नाही. कारण माझ्या गप्प बसण्याचं कारण मुलगे नव्हतेच मुळी.

मग पंचायत राज आलं. ७३ वी घटनादुरुस्ती, १९९२, एक तृतीयांश जागा स्त्रियांना, अध्यक्षपदंसुद्धा. पुस्तकात त्याची दीड पानं. वर्गात चर्चा सुरू झाली की सरपंच बाई नावाला असते, कारभार नवराच बघतो, मग या आरक्षणाचा काय उपयोग. त्या चार-पाच जणी फार आत्मविश्वासाने बोलत होत्या. माझी काकू सरपंच होती. पहिली दोन वर्षं सह्या तिच्या आणि बोलणं काकांचं, हे मी स्वतः पाहिलं होतं. आणि तिसऱ्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या जागेवरून तिने काकांच्या विरोधात ठराव रेटला, तेही पाहिलं होतं. ग्रामसेवक कुठला कागद कधी पुढे करतो, कोरम नाही म्हणून सभा कशी उधळतात, तहकूब सभेला कोरम लागत नाही याचा फायदा कोण घेतं, हे मला पाठ होतं. मी उठून बोलले. बाई खुर्चीवर बसल्या आणि तो तास मीच घेतला म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर मी बोलायला लागले, हे खरं. पण मला तिथवर पोचवलं ते मुलींच्या कॉलेजाने नव्हे, अभ्यासक्रमातल्या एका प्रकरणाने आणि खुर्चीवर बसून ऐकणाऱ्या बाईंनी. तुम्ही म्हणता त्या घटना समितीतल्या १५ जणींमध्ये दलित स्त्री एकच होती, दाक्षायणी वेलायुधन. मुसलमान स्त्री एकच, बेगम ऐजाज रसूल. चिठ्ठ्या टाकताना त्या दोघींच्याही टाका. हंसाबाई आणि रेणुकाबाईंच्या वादात 'स्त्री' एकच आहे असं वाटत राहतं.

खडू

रानजाई, टाकते. आणि तुमच्या बाई कोण होत्या माहीत नाही, पण खुर्चीवर बसता येणं हे आम्हा मास्तरांना सगळ्यात उशिरा जमतं.

कोरा कागद

मी बारावीत आहे. धागा अर्धा कळला, अर्धा डोक्यावरून गेला 😅 पण एक विचारायचं होतं. सगळे म्हणतात राज्यशास्त्र म्हणजे पाठांतर, कलमं आणि व्याख्या. आणि मला गणित अजिबात नको आहे म्हणून मी हे घेतेय. बरोबर ना? आणि पुढे नोकरी काय?

तळटीप

कोरा कागद, गणित नको म्हणून येत असशील तर थोडं जपून. त्रिकोणमिती नाही, पण आकडे आहेत.

एक उदाहरण देतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या, म्हणजे १९५१-५२ च्या मतदार याद्या बनवताना बऱ्याच बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयोगाने अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. निर्णय कठोर होता, पण पुढच्या वेळी बायकांनी नावं सांगितली. आता दुसरं टोक बघ: २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पहिल्यांदाच पुरुषांपेक्षा किंचित पुढे गेली. आणि निवडून आलेल्या स्त्रिया? २०१९ मध्ये ७८, २०२४ मध्ये ७४, एकूण ५४३ पैकी. मतदान वाढलं, प्रतिनिधित्व जागच्या जागी. असं का, हे शोधायचं तर उमेदवारी कुणाला मिळते, कुठल्या मतदारसंघात मिळते, हरल्यावर पुन्हा मिळते का, हे तक्त्यात मांडावंच लागतं. पाठांतराने यातलं काही सुटत नाही. (परीक्षेत सुटतं, तो भाग निराळा.)

मधली सुट्टी

नोकरीचं मी सांगते. थेट 'राज्यशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात कुठे येत नाही. आमच्या तुकडीतल्या काही जणी कायद्याकडे गेल्या, काही पत्रकारितेत, काही प्रशासकीय परीक्षांकडे, दोघी-तिघी नेट-सेट करून शिकवतायत, एक सर्वेक्षणं करणाऱ्या संस्थेत आहे. मी आमदारांसाठी विधिमंडळातल्या प्रश्नांचं संशोधन करून देते. एक कर, संविधान मुळातून वाच, गाइडमधून नको. आणि घटना समितीतल्या चर्चा छापलेल्या आहेत, त्यातला एखादा दिवस निवडून सलग वाचून बघ. कंटाळा आला नाही तर विषय तुझा.

मुलींचं कॉलेज की मिश्र, याच्यापेक्षा आधी बघ की तिथे शिकवणारे मूळ ग्रंथ वाचायला देतात का, आणि विद्यार्थी प्रतिनिधी निवडणुकीने ठरतो की शिक्षकांच्या पसंतीने. राज्यशास्त्राच्या विभागातच नेमणुका होत असतील तर मग अवघड आहे.

वाटसरू

रानजाईंचा प्रतिसाद वाचून माझा आक्षेप जरा बदलला. मी म्हणत होतो पुरुष नाहीत म्हणून वर्ग खोटा. त्या म्हणतायत की पुरुष नसले तरी सत्ता वर्गात असतेच. हे मला जास्त पटतं, आणि त्यामुळे मुलींच्या कॉलेजाला विरोध करायचं माझं कारण लंगडं होतं, पण त्याचबरोबर खडूंचं समर्थनही थोडं लंगडंच होतं असं म्हणतो.

एक शंका. तुम्ही रूसोला धारेवर धरलंत, अॅरिस्टॉटललाही धरत असणार, त्याने स्त्रीला विचारशक्ती आहे पण त्या विचारशक्तीला अधिकार नाही असं म्हणून ठेवलंय. मग प्लेटो? 'रिपब्लिक'च्या पाचव्या भागात तो स्त्रियांना पालकवर्गात, म्हणजे राज्य राखणाऱ्या आणि चालवणाऱ्या वर्गात घेतो, तेच शिक्षण, तोच व्यायाम, तीच पदं. तेही इसवी सनाच्या चार शतकं आधी. त्याला मुलींच्या वर्गात पैकीच्या पैकी गुण मिळत असतील ना?

मधली सुट्टी

नाही मिळत. आमच्याकडे त्याच्यावरच सगळ्यात जास्त भांडण झालं होतं. एक गट म्हणायचा की एवढं बोलला हेच पुष्कळ, तेव्हाच्या अथेन्समध्ये बाईला सभेत पाय ठेवता येत नव्हता. दुसरा गट म्हणायचा, नीट वाचा, तो बाईच्या हक्काबद्दल बोलतच नाहीये, राज्याला हुशार माणसं हवीत आणि त्यातली निम्मी घरात वाया जातायत, एवढाच त्याचा हिशेब आहे.

रानजाई

आणि तेही फक्त पालकवर्गातल्या बायकांचा हिशेब. शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या बायकांनी काय करायचं, यावर 'रिपब्लिक'मध्ये त्याने एक ओळ खर्ची घातलेली नाही. मी हे पेपरात लिहिलं होतं.

वाटसरू

गुण किती मिळाले?

रानजाई

दहापैकी सहा. 'प्रश्नाला धरून लिहा' असा शेरा होता.